नोंद आहे, पण शोधात येत नाही: वारसा-संग्रहाचा अर्थाधारित शोध बिघडल्यावर काय तपासायचं

वस्तू कपाटात आहे, तिची नोंद संगणकात आहे, तरी शोधल्यावर ती येत नाही. ऑन्टोलॉजीवर, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्यातली नाती यांच्या औपचारिक आराखड्यावर, बसवलेल्या संग्रहांत ही तक्रार सारखी येते. रचना बहुतेक ठिकाणी एकसारखीच असते. पायाला सीडॉक-सीआरएम, म्हणजे वारसा-नोंदींसाठीचं आयएसओ २११२७ हे मानक; त्यावर स्कॉस (संज्ञा आणि त्यांच्या व्यापक संज्ञा जोडून मांडायचं मानक) पद्धतीची शब्दसूची; आणि त्यावर अनुमानाचे नियम, म्हणजे नोंदींवरून नवे निष्कर्ष काढणारे. कुणी ‘शस्त्र’ शोधलं तर नोंदीत ‘शस्त्र’ हा शब्द कुठेच नसलेली कट्यार आणि दांडपट्टाही समोर यावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

दांडपट्टा आला नाही की नवा नियम जोडायचा मोह होतो. तो जोडू नका. असे बिघाड मी वारंवार दुरुस्त केलेत, आणि दोष बहुतेक वेळा नियमात नसतो. नियम ज्या विधानांवर (‘ही समई – बनलेली – पितळाची’ अशा सुट्या तथ्यांवर) चालतो त्या विधानांत असतो. एका शोधासाठी घातलेला नियम दुसरे चार शोध बिघडवतो, आणि ते महिन्यांनी लक्षात येतं.

लक्षणं

- नोंद क्रमांकाने वस्तू सापडते, नावाने सापडत नाही.
- नेमक्या शब्दाने सापडते (‘पितळी समई’), व्यापक शब्दाने नाही (‘धातूची वस्तू’).
- कालपर्यंत येत होती, नवा डेटा चढवल्यावर येईनाशी झाली.
- शतकाने गाळणी लावली की नाणी आणि मोडी कागद चुकीच्या शतकात पडतात.
- नको ते येतं: अलिबागजवळचा शिलालेख मुंबईत, गावाचं नाव कारागिरांच्या यादीत.
- क्वेरी संपतच नाही, किंवा डेटा ‘विसंगत’ असल्याचा संदेश येतो.

पहिली तीन लक्षणं असतील तर वरून सुरुवात करा. बहुधा चौथ्या तपासणीपर्यंत उत्तर मिळेल. ‘नको ते येतं’ हे लक्षण जास्त धोक्याचं आहे. न सापडलेल्या वस्तूची तक्रार होते, चुकीच्या उत्तराची होत नाही. अभ्यासक ते उत्तर घेऊन जातो आणि लेखात छापतो.

१. नोंद क्रमांकावरून कच्ची विधानं पाहा

शोधाची खिडकी बाजूला ठेवा. डेटाबेसला थेट स्पार्कलमध्ये, म्हणजे अशा डेटाबेसच्या क्वेरी-भाषेत, विचारा: या क्रमांकाच्या वस्तूबद्दल असलेलं प्रत्येक विधान दाखव. अनुमान बंद ठेवूनच विचारा. याने प्रश्नाचे सरळ दोन भाग पडतात: माणसाने काय नोंदवलंय आणि यंत्राने काय काढलंय.

सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते असं. वीरगळाच्या वर्णनात छान लिहिलेलं असतं, ‘बेसाल्टचा वीरगळ, तीन टप्पे, वर शिवपूजेचा प्रसंग’. पण ‘कशाचा बनलेला’ हे सांगणारं पी४५ हे विधान नसतं (सीआरएममध्ये नात्यांना ‘पी’ आणि वर्गांना ‘ई’ क्रमांक असतात), आणि ‘वीरगळ’ हा प्रकार शब्दसूचीतल्या संज्ञेला जोडलेला नसतो. वर्णनातला परिच्छेद रीझनर, म्हणजे अनुमान काढणारा प्रोग्राम, वाचत नाही. त्याला विधानच लागतं. अशा नोंदीवर कितीही हुशार नियम लावा, तो चालणार नाही.

विधानं तुटपुंजी असतील तर इथेच थांबा आणि नोंदी पुऱ्या करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण संग्रहाचा खरा उपयोग त्यातूनच वाढतो.

२. अक्षरं आणि भाषेची खूण

विधानं भरपूर आहेत, तरी नाव जुळत नाही? मग अक्षरांकडे या. मराठीत हा सापळा इंग्रजीपेक्षा खोल आहे.

‘कऱ्हाड’ घ्या. यातला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण या दोन रूपांना एक करत नाही, म्हणून ‘आम्ही प्रमाणीकरण केलंय’ या उत्तरावर विसंबू नका. स्वतःचा बदल-नियम लिहावा लागतो, आणि तो नोंदींच्या अनुक्रमणिकेला आणि शोधणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दाला असा दोन्हीकडे लावावा लागतो. एकाच बाजूला लावला तर दुखणं फक्त जागा बदलतं. शिवाय त्याच गावाचं ‘कराड’ हे रूपही पर्यायी नाव म्हणून हवंच.

दुसरी गोष्ट अनुस्वारांची. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या नोंदवह्यांत ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’ आहेत, आणि त्या जशाच्या तशा टाइप झाल्या आहेत. मूळ लेखन बदलू नका, तो दस्तऐवज आहे. शोधासाठी वेगळं प्रमाण रूप ठेवा.

तिसरी गोष्ट भाषेची खूण. आरडीएफमध्ये, म्हणजे ही विधानं साठवायच्या स्वरूपात, खूण नसलेलं ‘लेणी’, ‘एमआर’ (मराठी) खुणेचं ‘लेणी’ आणि ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) खुणेचं ‘लेणी’ ही तीन वेगळी मूल्यं आहेत. क्वेरी नेमकी एक मागत असेल तर बाकीच्या दोन गटांतल्या नोंदी गायब होतात. स्पार्कलमधलं ‘लँगमॅचेस’ वापरून ‘एमआर’ मागितलं की ‘एमआर-आयएन’ही येतं, पण बिनखुणेचं येत नाही. ते वेगळं मागावं लागतं, किंवा सगळ्यांना खूण लावून मोकळं व्हायचं. मी दुसरा मार्ग सुचवेन.

लेणे, लेणी, लेण्यांत ही शब्दरूपं हा स्वतंत्र विषय. मराठीचे प्रत्यय सोडवणारी सोय नसेल तर निदान एकवचन आणि अनेकवचन दोन्ही पर्यायी नावांत भरा.

३. अनुमान चालू आहे का, आणि नेमकं किती

‘चालू आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. कोणते नियम चालू आहेत, हे कळायला हवं. त्यासाठी तीन छोटे प्रश्न विचारायचे.

पहिला: माणसाने बनवलेल्या वस्तूचा वर्ग ई२२. त्यातली एखादी ओळखीची वस्तू ‘ई१’, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गात, येते का?

दुसरा: निर्मितीच्या घटनेकडून वस्तूकडे पी१०८ नोंदवलेला आहे. तेच नातं वस्तूकडून घटनेकडे, म्हणजे उलट दिशेने, विचारल्यावर मिळतं का?

तिसरा: कार्ले मावळ तालुक्यात, मावळ पुणे जिल्ह्यात, असं पी८९ ने नोंदवलंय. ‘पुणे जिल्ह्यात काय आहे’ असं विचारल्यावर कार्ले येतं का?

पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि बाकीच्या दोघांचं ‘नाही’ असेल तर निदान झालं: तुमच्याकडे फक्त आरडीएफएस, म्हणजे वर्ग-उपवर्गांसारख्या साध्या नात्यांची भाषा, एवढ्या पातळीचे नियम चालू आहेत. उलटा गुणधर्म किंवा साखळीने पुढे जाणारं नातं सांगायची सोय आरडीएफएसमध्ये नाहीच. त्यासाठी आउल ही जास्त समर्थ ऑन्टोलॉजी-भाषा लागते. सीआरएमची आउलमधली आवृत्ती, उदाहरणार्थ एर्लांगेन सीआरएम, चढवा आणि निदान आउल-आरएल (नियमांनी चालवता येणारा आउलचा मर्यादित भाग) पातळीचा नियमसंच निवडा. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ऑन्टोलॉजीची फाइलच चढलेली नाही, किंवा नावं जुळत नाहीत.

नावं न जुळण्याचं एक खास कारण आहे. ई२२ ला आधी ‘मॅन-मेड ऑब्जेक्ट’ म्हणायचे, नव्या आवृत्त्यांत ‘ह्यूमन-मेड ऑब्जेक्ट’. हे नाव यूआरआयचाच, म्हणजे वर्गाच्या वेब-पत्त्यासारख्या ओळखीचाच, भाग असतं. जुना डेटा आणि नवी ऑन्टोलॉजी एकत्र आली की यंत्राच्या लेखी ते दोन अनोळखी वर्ग. एर्लांगेन आणि अधिकृत सीआरएम यांचे यूआरआयही वेगळ्या पत्त्यांवरून सुरू होतात. एका संग्रहात एकच ठेवा.

‘काल येत होतं, आज नाही’ याचं उत्तरही इथेच सापडतं. अनेक ठिकाणी अनुमानित विधानं आधीच काढून साठवलेली असतात. मूळ डेटा मागच्या दाराने बदलला की साठवलेली जुनीच राहतात. पुन्हा अनुमान चालवा आणि ते काम डेटा चढवण्याच्या क्रमातच बसवा.

४. शब्दसूचीची चढण

‘पितळ’ सापडतं आणि ‘धातू’ने सापडत नाही, तेव्हा स्कॉस पाहा. पितळाच्या वर ‘तांब्याचे मिश्रधातू’, त्याच्या वर ‘धातू’. स्कॉसमधलं ‘ब्रॉडर’ हे नातं एकच पायरी चढतं, आपण होऊन पुढे जात नाही. पुढे जाणारं नातं ‘ब्रॉडर-ट्रान्झिटिव्ह’, आणि ते अनुमानाने मिळतं. अनुमान नको असेल तर क्वेरीतच ‘एक किंवा अधिक पायऱ्या’ असं सांगता येतं, आणि छोट्या संग्रहाला तेवढं पुरतं.

दिशाही तपासा. ‘पितळ ब्रॉडर मिश्रधातू’ याचा अर्थ पितळाची व्यापक संज्ञा मिश्रधातू. भरताना हे सहज उलटं होतं, आणि मग ‘पितळ’ शोधल्यावर संग्रहातले सगळे धातू येतात.

एकाच शब्दाचे दोन अर्थ एकाच संज्ञेला जोडले गेले नाहीत ना, हेही पाहा. दफ्तरखान्यात ‘रुमाल’ म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. तो वस्त्रांच्या शाखेतल्या रुमालाला जोडला गेला की ‘वस्त्रं’ शोधणाऱ्यासमोर मोडी कागदांचे ढीग येतात.

५. तारखा

शतकाची गाळणी चुकतेय? सनाचं नाव न लिहिता नुसता आकडा भरला गेला आहे का, ते आधी बघा. शिवराज्याभिषेक शके १५९६ चा, म्हणजे ६ जून १६७४. ‘१५९६’ हा आकडा इसवी सन म्हणून साठवला तर त्या वर्षाची वस्तू सोळाव्या शतकात जाऊन बसते, आणि सतराव्या शतकाच्या शोधातून निघून जाते. शकात ७८ मिळवायचे, पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून पौष-माघ-फाल्गुनातल्या तारखांना बहुधा ७९ लागतात. महिना माहीत नसेल तर एकच वर्ष लिहू नका. पी८२ए आणि पी८२बी ने आरंभ आणि शेवट अशी मर्यादा द्या.

मोडी कागदांत शुहूर सन ही जुनी कालगणना अरबी संख्याशब्दांत येते. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१-७२. हे वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मेमधल्या कागदाला ६०० मिळवायचे. हा हिशेब अनुमानाच्या नियमात कोंबू नका. डेटा भरतानाच करा, आणि मूळ मजकूरही शेजारी ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला पडताळता येईल.

वाचनावरच मतभेद असतील तर? अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखाचं शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, हे वाचन प्रचलित आहे, पण ते सर्वमान्य नाही. अशा वेळी सीआरएमचा ई१३ वापरून ‘हे वर्ष अमक्याने असं वाचलं’ अशा स्वतंत्र नोंदी करा. एक निवडून दुसरं खोडणं हे डेटाबेसचं काम नव्हे.

६. घडलं कुठे, सापडलं कुठे, आहे कुठे

सीआरएममध्ये वस्तूला थेट ‘ठिकाण’ नसतं. वस्तू घडण्याची घटना एका जागी होते, सापडण्याची दुसऱ्या जागी, आणि आज ती तिसऱ्याच जागी असते. शोधाच्या खिडकीत मात्र एकच रकाना असतो: ‘ठिकाण’. ही फट बुजवायला कुणीतरी नियम लिहितं: ‘जिथे सापडलं तिथेच घडलं समजा.’

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. ती रोमन जगातून व्यापाराबरोबर आलेली. वरचा नियम तिला कोल्हापुरात ओतलेली ठरवतो, आणि त्या मूर्तीमागचा पश्चिमेशी चाललेला सगळा व्यापार एका ओळीत पुसतो. तसाच ‘महाराष्ट्रात नाही, म्हणजे मराठी नाही’ असं धरणारा नियम. श्रवणबेळगोळचं ‘श्री चावुंडराजें करवियलें’ कर्नाटकात आहे, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातला भोसल्यांचा इतिहास सांगणारा १८०३ चा प्रदीर्घ मराठी लेख तमिळनाडूत. भाषा ही भाषेच्या विधानावरूनच यायला हवी, पी७२ वरून.

बरोबर मार्ग असा: ‘घडण्याचं ठिकाण’ असा वेगळा जोड-गुणधर्म करा, जो वस्तूकडून निर्मितीच्या घटनेकडे आणि तिथून जागेकडे जाईल. आउल २ मध्ये गुणधर्मांची अशी साखळी जोडता येते. ‘सापडण्याचं’ आणि ‘सध्याचं’ ठिकाण वेगळं ठेवा. शोधणाऱ्याला तीन पर्याय दिसले तरी चालतात. लोक तेवढे समजदार असतात.

७. ‘सेम-अ‍ॅज’: इथे हात जपून

नको ते येण्यामागे सगळ्यात मोठं कारण हेच. दोन नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत असं ‘सेम-अ‍ॅज’ सांगतं, आणि ते पूर्ण अर्थाने सांगतं: एकीचं जे काही ते सगळं दुसरीचं, दोन्ही बाजूंनी.

कुलाबा हे नाव तीन गोष्टींचं आहे. मुंबईचा कुलाबा, अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला, आणि कुलाबा जिल्हा, जो १९८१ मध्ये रायगड जिल्हा झाला. जुन्या गॅझेटिअरमधून आलेल्या नोंदीत आक्षी ‘कुलाबा जिल्ह्यात’ आहे. नावं जुळवणाऱ्या स्क्रिप्टने जिल्हा आणि मुंबईचा कुलाबा यांच्यात ‘सेम-अ‍ॅज’ टाकला की पुढचं आपोआप घडतं: आक्षी कुलाब्यात, कुलाबा मुंबईत, म्हणून आक्षीचा शिलालेख मुंबईत. उलट दिशेने मुंबईच्या कुलाब्यातली प्रत्येक इमारत रायगड जिल्ह्यात. रायगड किल्ला आणि रायगड जिल्हा यांचंही असंच होतं.

शोध असा घ्या. संशयास्पद निकाल निवडा, रीझनरकडे त्याचं स्पष्टीकरण मागा (अनेक साधनांत ही सोय असते), आणि साखळीतलं प्रत्येक विधान मोठ्याने वाचा. खोटं विधान वाचताक्षणी कळतं. ते काढा, अनुमान नव्याने चालवा, मग पुन्हा विचारा.

कुठे काय वापरायचं याचा माझा नियम साधा आहे. नुसतं नाव बदललं, जसं कुलाबा जिल्ह्याचं रायगड किंवा उस्मानाबादचं धाराशिव, तर नोंद एकच ठेवा आणि नावं दोन, त्यांच्या काळासह. प्रदेशच बदलला, जसा २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तर नोंदी दोन, आणि त्यांच्यात ‘सेम-अ‍ॅज’ कधीच नाही. शब्दसूचीतल्या संज्ञांसाठी स्कॉसमधलं ‘एक्झॅक्ट-मॅच’ (नेमका तोच अर्थ) किंवा ‘क्लोज-मॅच’ (जवळचा अर्थ) वापरा. शंका असेल तर ‘क्लोज-मॅच’, कारण ते साखळीने पुढे पसरत नाही.

८. अनुमानाला चूक समजत नाही

पैठणीच्या नोंदीत ‘कुणी घडवली’ या रकान्यात, म्हणजे पी१४ ला, कुणी ‘पैठण’ भरलं. बहुतेकांना वाटतं की प्रणाली हे नाकारेल. ती नाकारत नाही. पी१४ च्या टोकाला कर्ताच असतो असं ऑन्टोलॉजी सांगते, म्हणून रीझनर निमूट निष्कर्ष काढतो की पैठण हा कर्ता आहे. गाव कारागिरांच्या यादीत जातं ते असं. चूक अडवायची असेल तर डेटा चढवण्याआधी शॅकलची तपासणी लावा. हे डब्ल्यू३सीचं २०१७ चं मानक नेमकं यासाठीच आहे.

कधी थांबायचं

रीझनर ‘विसंगत’ म्हणाला आणि स्पष्टीकरणात तुमच्या नोंदींऐवजी ऑन्टोलॉजीचेच वर्ग दिसले, तर थांबा. विसंगत डेटातून तर्काने काहीही सिद्ध होतं, म्हणून तोवरचे अनुमानित निकाल वाचकांसमोरून काढा आणि ऑन्टोलॉजीचं काम येणाऱ्याला बोलवा. दोन संस्थांचे संग्रह एकत्र करताना, हजारो ‘सेम-अ‍ॅज’ घाऊक काढताना, आणि एकदा बाहेर दिलेले यूआरआय बदलताना हाच सल्ला. क्वेरी तासन्‌तास चालत असेल आणि नियमसंच कमी करूनही फरक पडत नसेल, तेव्हाही.

आणि प्रश्न लेखाच्या वाचनाचा, लिपीचा किंवा काळाचा असेल तर संगणकाच्या माणसाला विचारून उपयोग नाही. शिलालेखतज्ज्ञ किंवा मोडी वाचणारा जाणकार गाठा. त्यांचा एक फोन आठवडाभराच्या क्वेऱ्यांपेक्षा जास्त सोडवतो.

कुणालाही बोलावण्याआधी एवढं एका फाइलमध्ये जमवा: अडलेल्या दोन-तीन वस्तूंचे नोंद क्रमांक, अनुमान बंद ठेवून काढलेली त्यांची कच्ची विधानं, जशीच्या तशी क्वेरी, नियमसंचाचं नाव, ऑन्टोलॉजीची आवृत्ती, डेटा शेवटचा चढवल्याची तारीख आणि वरच्या तीन छोट्या प्रश्नांची उत्तरं. डेटाबेसची पूर्ण प्रत आधी काढून बाजूला ठेवा, मगच कुणाला हात लावू द्या.